बलकाऐवजी दूध

गडमुडशिंगीत त्या वर्षी म्हशी गाभ टाकत होत्या. सातवा-आठवा महिना लागला, की एखाद्या पहाटे गोठ्यात मेलेलं रेडकू पडलेलं दिसायचं आणि घरची बाई उंबऱ्यातच बसकण मारायची. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं गावदेव कोपला. एकानं नृसिंहवाडीहून अंगारा आणून साऱ्या गोठ्याला लावला, दुसऱ्यानं देवाला कोंबडं सोडलं. म्हशींना त्यातलं काही उमगलं नाही. त्या आपल्या गाभ टाकतच राहिल्या.

साल होतं त्रेपन्न. कोल्हापूरचं संस्थान मुंबई राज्यात जाऊन चार वर्षं झाली होती. जिकडंतिकडं पंचवार्षिक योजनेचा बोलबाला होता, आणि त्याच योजनेतून शहराच्या कडेला जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं एक केंद्र निघालं होतं. दोन खोल्या, मागं गोठा, आणि गोठ्यात पंजाबकडून आगगाडीनं आलेला मुऱ्हा जातीचा रेडा. अंग डांबरासारखं काळं, शिंगं जिलबीसारखी वळलेली. या साऱ्याचे प्रमुख होते डॉक्टर यज्ञेश्वर वाटवे. मुंबईहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन नुकतेच घरी परतलेले, अजून मिशीसुद्धा धड न भरलेले. हाताखाली एकच माणूस, जोतीराम कंपाउंडर. पण त्यानं उमेदीची वर्षं संस्थानच्या पागेत घोड्यांमागं घातलेली, त्यामुळं आपण कुणाच्या हाताखाली आहोत असं त्याला काही वाटत नसे.

योजना सोपी होती. रेड्याचं बीज नळीत घ्यायचं, ते पातळ करून बर्फाच्या थर्मासात ठेवायचं आणि सायकलवरून गावोगाव नेऊन माजावर आलेल्या म्हशींना द्यायचं. एका वेळच्या बिजात कितीतरी म्हशी फळतात. दुधाळ वाण वाढतो, आणि रेडा म्हशीजवळ जातच नसल्यामुळं एका म्हशीचा रोग दुसरीला लागत नाही. कागदावर याच्याइतकं चोख काही नव्हतं. फक्त केंद्र उघडून पावसाळा सरला, तरी एकही म्हैस दारात आली नव्हती.

म्हणून डॉक्टर स्वतःच सायकलवर टांग टाकून निघाले, मागं दुसऱ्या सायकलवर जोतीराम. निघताना माई, त्यांची आई, दारापर्यंत आली. अठ्ठेचाळीस साली खेड्यातली ब्राह्मणांची घरं जळाली, तेव्हापासून गावाचं नाव काढलं की ती धसकायची. "ऊन उतरायच्या आत घरी ये रे," ती म्हणाली. "येतो," म्हणून त्यांनी पायडल मारलं खरं, पण त्यांचंही मन काही फार थाऱ्यावर नव्हतं.

गडमुडशिंगीच्या चावडीत माणसं जमली होती. मधोमध हंबीरराव बसला होता. गावातल्या साऱ्या म्हशी फळायच्या त्या त्याच्याच रेड्याकडून. 'सरदार' त्याचं नाव. बेंदराच्या सणाला निघणाऱ्या जनावरांच्या मिरवणुकीत सरदार पुढं असल्याबिगर हलगी वाजत नसे. म्हैस फळवून नेणारा माणूस हंबीररावाच्या दारात सरकीचं पोतं टाकून जायचा आणि वर रामराम घालायचा. त्या रामरामाचंच त्याला जास्त अप्रूप होतं.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. शेवटी थर्मास उघडून आतली काचेची नळी दाखवली. माणसं बघायला पुढं वाकली.

"म्हंजी रेड्याबिगर रेडकू?" हंबीररावानं मिशीवरून हात फिरवला. "आन् त्येनं बाप कोन म्हनून इचारलं तर काय सांगायचं? थर्मास?"

चावडी हसून लोळायची तेवढी बाकी राहिली. डॉक्टरही हसले. "रेडा आहे की हंबीरराव. कोल्हापुरात उभा आहे, येऊन बघा. फक्त त्याला इथवर चालत यायची गरज पडत नाही." मग जरा जपून म्हणाले, "आणि एक विनंती आहे. तुमच्या सरदाराचं थोडं रक्त तपासायला द्या. गावातल्या म्हशी गाभ टाकतायत, त्याचं कारण कदाचित..."

पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही. हंबीरराव ताडकन उभा राहिला होता. "पावणं, तुमी पावणं हाय म्हनून सोडतोय. माज्या सरदाराला सुई लावाल, तर हात ऱ्हानार न्हाई खांद्याला."

हसणं थांबलं. माणसं एकेक करून उठली. डॉक्टर सायकल हातात धरून वेशीकडं निघाले, तेव्हा एका दारातून हाक आली. "आवो डाक्टर! जरा हिकडं या की."

हाक मारणारी होती अक्काताई मगदूम. जैनाचं घर, नदीकडं थोडा ऊस, थोडा भाजीपाला, आणि गोठ्यात म्हशी. नवरा अण्णासो रोज सकाळी सायकलला किटल्या लावून कोल्हापुरात दूध घालायला जायचा. बाई चाळिशीची, उंचनिंच, बोलण्यात आडपडदा नाही. तिनं डॉक्टरांना सरळ गोठ्यात नेलं. तिथं एक धिप्पाड म्हैस रवंथ करत उभी होती.

"ही चंद्री, कालच माजावर आलीया. हिनं दोनदा गाभ टाकला. आता पुन्यांदा सरदाराकडं न्ह्यायची म्हनली की माजा जीव व्हत न्हाई. तुमचं ते काय नळीचं, ते करून बगू."

डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी म्हैस तपासली. अंगात रोग दिसत नव्हता, गर्भाची पिशवी साफ होती. त्यांनी थर्मास उघडला. तेवढ्यात अक्काताईनं विचारलं, "ह्यात काय काय असतंय?"

"रेड्याचं बीज असतं."

"ते झालं. पर निस्तं बीजच न्हाई दिसत. पिवळं दिसतंय."

जोतीराम मागं उभा होता. त्यानं डॉक्टरांच्या पाठीला बोट लावलं. पण डॉक्टरांना कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी ऐकलं नाही. "बीज पातळ करायला आणि जिवंत ठेवायला त्यात अंड्यातला बलक घालतात," ते म्हणाले.

अक्काताईचा हात चंद्रीच्या पाठीवर होता, तो तिथंच थांबला. दारात उभ्या अण्णासोनं मान खाली घातली.

"अंडं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात आता कडी घातल्यासारखं काहीतरी झालं होतं. "डाक्टर, हिचं दूध आमच्या देवळात, बस्तीत जातंय. रोजच्या अभिषेकाला. माज्या सासूपास्नं ह्यो नेम हाय. अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई, आन् तुमी ते हिच्या पोटात सोडनार?"

डॉक्टरांनी थर्मासाचं झाकण लावलं. अंगणात आल्यावर ती म्हणाली, "तुमी खोटं बोलला न्हाईसा, त्येबद्दल बरं वाटलं बगा. पर न्हाई जमायचं." आणि तिनं त्यांना तांब्याभर ताक दिलं.

परतीच्या वाटेवर जोतीराम सायकल रेटत मागं राहिला. मग ओढ्यावरच्या मोरीपाशी सायकलवरून उतरून म्हणाला, "सायेब, अवशीद हाय म्हनून सांगायचं हुतं. कोन बघतंय नळीत? अवो, इतक्या दिसांनी एक म्हैस गावलीती!"

"तिनं विचारलं होतं, जोतीराम."

"इचारनारच की. बाईमानूस इचारतंयच."

"मग विचारलेल्याचं उत्तर द्यायला नको?"

जोतीरामनं कपाळाला हात लावला. पण त्या रात्री जेवताना डॉक्टरांनी माईला ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती वाढता वाढता थांबली. "मी तरी कुठं चालवून घेतलं असतं?" ती म्हणाली. डॉक्टरांचा घास तोंडाशीच राहिला. खरंच की. आपल्या आईनं जे चालवून घेतलं नसतं, ते आपण गावोगाव घेऊन फिरतोय. जिल्ह्याच्या पूर्वेकडची अर्धी गावं जैनांची. लिंगायतांची घरं आहेत, माळकरी आहेत. चांगल्या म्हशी ठेवतात ते हेच लोक. म्हणजे ही योजना जिथं पोचायला हवी, नेमकी तिथंच ती उंबऱ्यावर अडत होती. आणि अडत होती ती कुठल्या अडाणीपणामुळं नाही, एका अंड्यामुळं.

बलकाऐवजी दुसरं काय? डॉक्टरांनी पुस्तकं काढली. एका परदेशी मासिकात कोपऱ्यात त्रोटक मजकूर सापडला: तिकडं काही जण गायीच्या बिजासाठी गायीचं दूध वापरून बघताहेत. म्हशीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कुठंच नव्हतं. कारण मासिक काढणाऱ्यांच्या देशात म्हशीच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी अण्णासो दूध घालून परतत असताना डॉक्टरांनी त्याला गाठलं. "अण्णासो, मला रोज चंद्रीचं तांब्याभर दूध लागेल."

"प्यायला?"

"नाही. अक्काताईंना सांगा, अंड्याच्या जागी दूध चालतंय का बघतो. जमेल की नाही, ते माहीत नाही."

निरोप पोचला. उलटा निरोप आला तो तांब्यासकट. अण्णासो हसत म्हणाला, "ती म्हनली, आईचं दूध लेकराच्या पोटात जातंय, त्येला कोन वंगाळ म्हनंल? लागंल तेवढं न्ह्या म्हनली."

मग सुरू झाली खरी लढाई. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ताज्या दुधात बीज मिसळलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बघता बघता सगळी हालचाल मंदावली आणि थांबली. कच्च्या दुधात बिजाला मारक असं काहीतरी होतं. तापवलं तर ते जाईल, असा अंदाज करून त्यांनी दूध उकळलं. त्यात बिजाच्या गुठळ्या झाल्या. म्हशीचं दूध ते. गायीच्या दुप्पट साय. काचेखाली सायीच्या थेंबांची अशी गर्दी, की जत्रेत आपलं माणूस शोधावं तसं बीज शोधावं लागे.

दूध नासत होतं, बर्फ वितळत होतं, जोतीराम भांडी घासत होता आणि पुटपुटत होता. "पागेत असताना घोड्याची लीद काढली. आता पदवीवाल्यांची साय काढतोय." पण साय काढायची खरी युक्ती बसली ती त्याच्याच चिकाटीनं. दूध रात्रभर बर्फात ठेवून सकाळी वरचा थर हलक्या हातानं उचलायचा, मग पुन्हा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. डॉक्टरांनी इकडं उष्णतेचा मेळ घातला. चुलीवर थेट नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात दुधाची नळी उभी करायची. उकळी येऊ द्यायची नाही, पण उकळीच्या उंबरठ्यावर काही मिनिटं धरायची. मग गाळायचं, निववायचं. दर खेपेला उष्णता जरा वर, जरा खाली.

दिवाळी गेली. एका सकाळी डॉक्टरांनी आदल्या दिवशीची नळी उघडली, थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला. त्यांना वाटलं, आपलीच पापणी थरथरतेय. पुन्हा बघितलं. काचेखाली भरल्या बाजारासारखी लगबग चालली होती.

"जोतीराम! अरे, बघ! बघ इथं!"

जोतीरामनं हात पुसून डोळा लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून काही टोमणा निघाला नाही. "आयला," तो हळूच म्हणाला. "नांदतंय की दुधात."

तिसऱ्या दिवशीही नांदत होतं. आणि तिसऱ्या दिवशी बलकातलं बीज बरंच मलूल झालेलं असायचं.

पण प्रयोग काचेखाली करणं वेगळं आणि म्हशीवर करणं वेगळं. खात्याच्या परिपत्रकात बलकच वापरावा असं स्पष्ट होतं. डॉक्टरांनी परवानगी मागितली. उत्तर आलं, की क्षेत्रीय केंद्रांनी ठरलेल्या पद्धतीत फेरफार करू नये. पाठोपाठ दुसरा हुकूम आला: केंद्राचं काम शून्य असल्यानं पुण्याहून वरिष्ठ साहेब पाहणीला येतील आणि केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं का, ते ठरवतील.

साहेब आले ते कपाळाला आठी घालूनच. उंच, सडपातळ, पांढरे केस, बोलणं मोजकं. त्यांनी रेडा पाहिला, खोल्या पाहिल्या आणि खुर्चीत बसून म्हणाले, "वाटवे, पंजाबहून रेडा आणायला सरकारला काय यातायात पडली, माहीत आहे? आणि तुम्ही त्याला नुसती वैरण घालून पोसताय."

डॉक्टरांनी नोंदवही पुढं सरकवली. त्यांनी चंद्रीची गोष्ट सांगितली, बस्तीतल्या अभिषेकाची सांगितली. साहेब म्हणाले, "लोकांच्या समजुतींवर प्रबोधन हा उपाय आहे."

"साहेब, ही समजूत नाही, त्यांचा धर्म आहे. आणि आपल्याला त्यांचा धर्म बदलायचा नाहीये, म्हैस गाभण करायचीय." हे आपण बोललो यावर डॉक्टरांचाच विश्वास बसेना. पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही फक्त दोन काचा बघा. दोन्ही एकाच दिवशी भरलेल्या. मग केंद्र हलवा."

साहेबांनी चष्मा काढला. पहिली काच बघितली. दुसरी बघितली. पुन्हा पहिली. मग दुसऱ्या काचेवर त्यांचा डोळा जो लागला, तो लवकर निघेना. कोपऱ्यात जोतीराम श्वास धरून उभा होता.

"दुधातली कुठली?" साहेबांनी मान न उचलता विचारलं.

"दुसरी."

साहेब सरळ झाले. त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती आणि तिच्याखालून एखादा हुशार विद्यार्थी बाहेर यावा तसा चेहरा दिसत होता. "उष्णता किती? साय किती वेळा काढली? कोणत्या म्हशीचं दूध?" प्रश्नांवर प्रश्न. चहा निवून गेला. शेवटी ते म्हणाले, "परिपत्रकात बलक आहे, कारण ते लिहिताना आम्हाला दुसरं काही माहीत नव्हतं. मीही होतो त्या समितीत." त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या सहीनं परवानगी लिहून दिली. "वरून विचारणा झाली तर मला होऊ दे. केंद्र वर्षभर इथंच राहील. पण वाटवे, मला जिवंत रेडकू दाखवायचं."

संक्रांतीच्या आसपास एका पहाटे अण्णासो सायकल दामटत केंद्रावर आला. "डाक्टर, चंद्री माजावर आलीया!"

डॉक्टर गडमुडशिंगीत पोचले तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि मगदुमांच्या घरामागच्या परड्यात निम्मं गाव गोळा झालं होतं. हंबीररावही आला होता, घोंगडं पांघरून, भिंतीला टेकून. डॉक्टरांनी बाह्या वर सारून साबणानं हात धुतले. अक्काताई म्हशीच्या तोंडाशी उभी राहिली. "न्हाई न्हवं त्यात काय?" तिनं एकदाच विचारलं.

"तुमचंच दूध आहे, अक्काताई."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले, णमोकार मंत्र असावा. डॉक्टरांनी नळी घातली, काढली, आणि म्हणाले, "झालं."

"झालं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "एवढंच?"

"आमच्या सरदाराला एवढ्यात शेपटीबी दिसत न्हाई," हंबीरराव म्हणाला, आणि परडं पुन्हा हसलं. पण या वेळी त्या हसण्यात थोडी उत्सुकताही होती.

चंद्री पुन्हा माजावर आली नाही. उन्हाळ्यात डॉक्टरांनी हात घालून तपासली. "गाभण आहे," ते म्हणाले. अक्काताईनं नुसती मान हलवली. चंद्री गाभण दोनदा राहिलीच होती. खरी परीक्षा पुढं होती. डॉक्टरांनी तिला दुसऱ्या म्हशींपासून वेगळं बांधायला लावलं, वेगळं पाणी, वेगळी वैरण. सातवा महिना लागला तसं मगदुमांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेना. डॉक्टर भर पावसात सायकल हाकत यायचे, चिखलानं माखलेले, आणि गोठ्याच्या दारातूनच विचारायचे, "कशी आहे?" आणि अक्काताई म्हणायची, "हाय. खातीया." मग ती त्यांना ताक द्यायची आणि तांब्या परत घ्यायलाही न थांबता चंद्रीकडं वळायची.

त्याच पावसाळ्यात हंबीररावाच्या स्वतःच्या दावणीला त्याच्या लाडक्या म्हशीनं गाभ टाकला. अंगारे झाले, उतारे झाले. मग एका दुपारी तो केंद्राच्या दारात उभा राहिला. सरदाराला चालवत आणलं होतं. जोतीराम घाबरून आत पळाला.

"घ्या रगत," हंबीरराव म्हणाला. त्यानं दावं हाताला गुंडाळलं. "म्या धरतो. दुसऱ्या कुनाला धरू द्याचा न्हाई त्यो."

तपासणी पुण्याला झाली. गाभ पाडणारा रोग होता. डॉक्टरांनी स्वतः जाऊन सांगितलं. हंबीररावानं सरदाराच्या कपाळावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यानं कोल्हापूरहून सरकारी माणूस बोलावून सरदाराला खच्ची करून घेतलं आणि गावाबाहेरच्या रानात वेगळा गोठा घालून ठेवला. चावडीत तो फक्त एवढंच म्हणाला, "म्हशी आनू नगासा. सरदार आता पेन्शनीत गेला." त्याच्यासमोर त्यावर हसायची कुणाची छाती झाली नाही. उलट म्हाताऱ्या माणसांनी उठून त्याला रामराम घातला.

चंद्रीचा सातवा महिना गेला. आठवा गेला. नववा गेला. कार्तिकात, बायका नदीवरून धुणी घेऊन परतत असताना, चंद्रीला कळा लागल्या. डॉक्टर जोतीरामसह योगायोगानं गावातच होते. ते येईपर्यंत पुढचे दोन खूर दिसू लागले होते. त्यांनी सदरा काढून फेकला आणि गुडघ्यावर बसले. अक्काताई चंद्रीच्या गळ्यात हात घालून होती. "ये बाई, ये, येऊ दे," ती म्हणत होती, आणि ते म्हशीला की रेडकाला, कळत नव्हतं. एक जोराची कळ आली आणि काळंभोर, ओलंचिंब, चमकदार असं ते धूड डॉक्टरांच्या मांडीवर येऊन पडलं.

ते हललं नाही.

डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकटा पुसला, गवताच्या मुठीनं छाती घासली, मागचे पाय धरून उचललं, पुन्हा घासलं. मग रेडकू शिंकलं. कान हलवले. आणि असं काही रेकलं, की दाराबाहेरची बायकामाणसं एकदम मागं सरली.

"रेडी हाय!" अक्काताई ओरडली. ती अंगणात धावली, तिथून रस्त्यावर, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. "अवो, रेडी झाली! जित्ती हाय! माज्या चंद्रीला जित्ती रेडी झाली!"

अण्णासो खांबाला धरून रडत होता. डॉक्टर तसेच बसून होते, अंगभर घाण, आणि हसत होते. जोतीरामनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कधी नव्हे ते म्हणाला, "उठा, डाक्टरसायेब."

रेडी उभी राहून चार पावलं टाकायला लागली, तेव्हा हंबीररावानं हलगी मागवली. त्यानं रेडीला लहान मुलासारखी छातीशी उचलून घेतली आणि गावातून मिरवली. पुढं गुलाल, मागं पोरं. "हिचं नाव दिल्ली!" त्यानं वेशीपाशी जाहीर केलं. "लांबनं आलीया, मोठ्या घरची हाय!"

पुढच्या आठवड्यात केंद्रासमोर म्हशींची रांग लागली. कागलहून माणसं आली, थेट सीमेकडच्या कानडी गावांतून आली. बायका येऊन विचारायच्या, "हितं दुधाचं करत्यात न्हवं?" जोतीराम ऐटीत म्हणायचा, "दुधाचंच. दुसरं हाय कुठं?" पुण्याचे साहेब रेडी बघायला स्वतः आले, गोठ्यात तिच्यापाशी उकिडवे बसले आणि तिनं त्यांचा कोट चघळला. पुढच्या वर्षी खात्याचं नवं परिपत्रक निघालं. जिथं लोकांचा आक्षेप असेल तिथं तापवून साय काढलेलं दूध वापरावं, आणि ते कसं तयार करावं याची रीत. केंद्राच्या भिंतीवर ते लावताना डॉक्टरांनी पाहिलं, की जोतीरामची साय काढायची रीतही त्यात जशीच्या तशी आली आहे.

अठ्ठावन्न साली कोल्हापुरात जनावरांचं मोठं प्रदर्शन भरलं. दिल्ली तेव्हा पहिलारू, नुकती व्यालेली. दुधाच्या स्पर्धेत शहरातल्या एका बड्या बागायतदाराची म्हैस दरवर्षी पहिली यायची. तिच्या अंगावर रेशमी झूल, शिंगांना पितळी गोंडे. दिल्लीच्या अंगावर काही नव्हतं. ती नुसतीच चकाकत होती. आदल्या संध्याकाळी पंचांसमोर साऱ्या म्हशींची कास रिकामी केली गेली. सकाळी पुन्हा धार काढायची होती.

माणसांनी मैदान भरलं होतं. लाऊडस्पीकरच्या आवाजानं दिल्ली बुजली, पान्हा सोडेना. पंचांनी घड्याळ बघितलं. "बंद करा त्यो कर्णा!" हंबीरराव असा गरजला, की कर्णा खरोखरच बंद झाला. अक्काताई खाली बसली. तिनं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं आणि कानडी वळणाचं काहीतरी गुणगुणायला लागली. दिल्लीनं एक लांब श्वास सोडला. बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली. मग दुसरी. मग तो आवाज घट्ट होत गेला, फेस वर चढला, बादली भरली, दुसरी लागली, आणि माणसं टाचा उंचावून बघायला लागली. संध्याकाळच्या धारेनंतर दोन्ही वेळचं दूध काट्यावर चढलं. पंचानं कर्णा हातात घेतला, पण नाव पुरतं उच्चारायच्या आत गडमुडशिंगीनं मैदान डोक्यावर घेतलं होतं.

ढाल घ्यायला अक्काताई मंचावर गेली ती डॉक्टरांना हाताला धरून ओढतच. "ह्येंची बी हाय," ती अध्यक्षांना म्हणाली. "आन् त्या जोतीरामाची." जोतीराम तोवर बायकोला शोधायला गर्दीत घुसला होता, तिनं हे बघायला हवं म्हणून.

बागायतदार येऊन अण्णासोला म्हणाला, दिल्ली विकायची का? अण्णासोनं नुसतं अक्काताईकडं बोट दाखवलं. ती ऐकतही नव्हती. तिनं दुधाच्या साऱ्या बादल्या मैदानाच्या मधोमध ठेवायला लावल्या होत्या, कुठून तरी पितळी पेले मागवले होते, आणि येईल त्याला दूध पाजत होती. पैलवान, पंच, बागायतदार, कर्णावाला, कुणाला सोडत नव्हती. बायकांच्या बाजूला माई उभी होती. डॉक्टरांनी पाहिलं, तर ती दोन्ही हातांनी पेला धरून पीत होती आणि तिच्या शेजारी उभी असलेली गडमुडशिंगीची एक म्हातारी तिला म्हणत होती, "घ्या की आनी. संपायचं न्हाई ते."